फेसाळ काढा

समाधानच्या डोक्यात जो बेत शिजला होता, तो त्याच्या मते अख्ख्या नाशिक जिल्ह्यातला सगळ्यात बिनधोक बेत होता. कायद्यात बसतो की नाही याची त्याने चौकशी केली नव्हती. शपथेत बसतो एवढी मात्र त्याने स्वतःची पक्की खात्री करून घेतली होती!

शपथ सात वर्षांपूर्वीची. सुपारी फुटायच्या दिवशी सायखेड्याला होणाऱ्या सासूबाईंनी, म्हणजे नवसाबाईंनी, त्याला ओसरीवर बसवलं आणि हातात बेलभंडारा दिला.

"म्हना, दारूच्या दुकानाची पायरी चढनार नाय!"

"चढणार नाही."

"चढलात, तर त्याच दिवशी पोरगी माघारी आनीन! मंग तुमी पाया पडा नायतर पोलिसात जा!"

दाराआडून प्रतिभा बघत होती. त्या क्षणी समाधानने स्वतःच्या घराचीही पायरी चढायची नाही असं कबूल केलं असतं.

नवसाबाईंचं काही चुकत नव्हतं हो. त्यांचे यजमान गोटीराम वांगी-टोमॅटो उत्तम पिकवायचे, पण रोज संध्याकाळी "बाजारभाव इचारून येतो" म्हणून जायचे आणि भाव विसरून यायचे. नवसाबाई गावच्या महिला दारूबंदी समितीच्या अध्यक्ष! गावभर बाटल्या फोडत फिरायचं आणि घरी येऊन नवऱ्याची चप्पल शोधायची, हे त्यांच्या जिवाला फार लागलं होतं. निदान लेकीच्या नशिबी ते नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

समाधानने शपथ पाळली. तो अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर. माप केसभर हललं तरी त्याला जेवण जायचं नाही. पण मे महिन्यात शॉप-फ्लोअरवरून घामाघूम होऊन बाहेर पडलं की आयटीआयच्या दिवसांत गंगापूर धरणावर मित्रांबरोबर प्यालेली थंडगार बिअर आठवायची आणि घशाला कोरड पडायची!

अशातच, २००३ साली, नाशिकच्या द्वारका चौकातल्या एका सायबर कॅफेत त्याला ती कृती सापडली. 'सिंपल क्रीम एल', म्हणजे बिअरचाच एक प्रकार, धान्यापासून, घरच्या घरी! 'सिंपल' हा शब्द वाचून तो खुर्चीतून अर्धा उठला. नंतर तीन दिवस क्रीम कधी घालायचं हे शोधण्यात गेले. शेवटी कळलं की यात क्रीम नसतंच. शेवभाजीत जशी भाजी नसते, तसं! जव, थोडे तांदूळ, यीस्ट आणि कडवटपणासाठी हॉप्स नावाची विलायती फुलं. बस्स! दुकान नाही, पायरी नाही, चढणं तर नाहीच नाही!

रविवार कारंजावरच्या दुकानदाराने पाच किलो जव तोलताना विचारलं, "होम केवढा मोठा आहे?" समाधान म्हणाला, "बराच मोठा." यीस्ट देवळाली कॅम्पातल्या बेकरीतून आणलं. हॉप्स मात्र नाशकात कुणी ऐकलेलेही नव्हते. "कडूच हवं ना?" असं म्हणून एका काष्ठौषधीवाल्याने त्याच्या हातात काडेचिराईताची जुडी ठेवली. हे चिराईत म्हणजे काय हे ज्याला लहानपणी तापात पाजलंय त्यालाच विचारा! नुसतं नाव काढलं तरी जीभ घशात पळते.

कृतीप्रमाणे आधी धान्याला मोड आणायचे आणि ते वाळवायचे. समाधानने जव भिजवले, ओल्या गोणपाटात गुंडाळले, चौथ्या दिवशी मोड पाहून त्याचा ऊर भरून आला. त्याने ते गच्चीवर पसरले आणि शीळ घालत कामावर गेला.

इथवर सगळं मापात होतं. पण गच्चीवर शेजारच्या सगुणाबाई पापड घालायला आल्या. मोड आणून वाळवलेलं धान्य त्यांनी पाहिलं, आणि असं धान्य बाळाच्या सत्वाशिवाय दुसऱ्या कशाला लागतं? त्या तडक खाली उतरल्या आणि प्रतिभाला म्हणाल्या, "सृष्टीला भाऊ येतोय आणि आम्हाला पत्ता नाही? कितवा लागला गं?"

संध्याकाळी समाधान घरात शिरला तेव्हा प्रतिभा कमरेवर हात देऊन उभी होती.

"अहो, मला कितवा महिना आहे?"

"अं?"

"सगळी बिल्डिंग विचारतेय! ते धान्य कशाला वाळत घातलंय?"

समाधानने घाईघाईने हिशेब केला. खरं सांगावं तर प्रतिभा पोटात ठेवील, पण आईपासून ती काही लपवत नाही, आणि आईला कळलं की सायखेड्याची जीप दारात! त्याच्या तोंडून निघालं, "मुतखडा!"

"काय?"

"मला मुतखडा झालाय. कंपनीच्या डॉक्टरांनी जवाचा काढा सांगितलाय. मोड आणून, उकळून, चौदा दिवस मुरवून."

प्रतिभाचा राग कुठल्या कुठे गेला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढं दुखणं अंगावर काढलंत, आणि बोलला नाहीत?"

अशा वेळी माणसाला स्वतःची लाज वाटते. समाधानलाही वाटली. पण जेवायची वेळ झाली आणि लाजेची जागा हळहळीने घेतली. टोमॅटो बंद! पालक बंद! वांगी बंद! सायखेड्याहून आलेली वांगी समोरून सगुणाबाईंकडे गेली आणि ताटात दुधी आला. दुसऱ्या दिवशी दुधी. तिसऱ्या दिवशी, बदल म्हणून, दुधीची कोशिंबीर! वर दर तासाला तांब्याभर पाणी. कारखान्यात तो मशीनपाशी कमी आणि मुतारीत जास्त दिसू लागला, तेव्हा तर साहेबांनाही मुतखड्याची खात्री पटली.

पण काढा छान चालला होता! पुरणाच्या पातेल्यात धान्य मुरलं, चक्क्याच्या फडक्यातून गाळलं, चिराईत घालून उकळलं, गार करून वीस लिटरच्या पाण्याच्या जारमध्ये यीस्टसकट भरलं. बुचातून नळी काढून पाण्याच्या बाटलीत सोडली. दुसऱ्या दिवसापासून बाटलीत बुडबुडे यायला लागले, गुडुक, गुडुक! प्रतिभाने जारला हळदकुंकू लावलं. समाधान रोज तापमान घेऊन वहीत लिहायचा. चव मात्र बघायची नाही! चौदा दिवस तोंडाला लावू नये, असं कृतीत ठळक लिहिलं होतं, आणि क्वालिटीवाला माणूस लिहिलेलं मोडत नाही. बाराव्या दिवशी थोडी साखर घालून त्याने बूच घट्ट बसवलं आणि जारवर हात फिरवून म्हणाला, "आता दोनच दिवस, राजा!"

तेराव्या दिवशी प्रतिभा त्याला सोनोग्राफीला घेऊन गेली. डॉक्टरांनी पोटावर यंत्र फिरवफिरव फिरवलं आणि म्हणाले, "खडा? अहो, वाळूचा कणसुद्धा नाही!"

"विरघळला!" प्रतिभा एवढ्या मोठ्याने ओरडली की बाहेरच्या बाकावरचे पेशंट आत डोकावले. "काढा अजून मुरलाही नाही तोवर विरघळला!"

तिने तिथूनच आईला फोन लावला. चौदाव्या दिवशी समाधानने सुट्टी काढली, दाढी केली, ग्लास धुऊन फ्रिजमध्ये ठेवला, आणि दाराची बेल वाजली.

दारात नवसाबाई! मागे पोटावर हात धरून गोटीराम!

"जावईबापू, यांच्याबी पोटात कळा येत्यात! काढा कुठंय?"

"मामी, तो अजून... माणसागणिक वेगळा लागतो!"

"खडा तो खडा! त्याला काय रेशन कार्ड लागतंय का?" नवसाबाई जास्त बोलण्यात वेळ घालवत नसत. त्यांनी सरळ बूच उपटलं. फस्सकन फेस आला! समाधानचे डोळे आपोआप मिटले. संपलं. आता वास येणार, आता पोरगी माघारी!

पण नवसाबाई तीस वर्षं तपकीर ओढत होत्या. त्यांच्या नाकाने कधीच संन्यास घेतला होता. तपकीर हे व्यसन नाही असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांनी काढा फ्रिजमधल्या ग्लासात ओतला आणि नवऱ्यापुढे धरला. "घ्या! नाक दाबा अन् घ्या!"

गोटीरामांनी तोंड वाकडं करत घोट घेतला, आणि ते थांबले. ग्लासाकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं. सगळ्यात शेवटी बायकोकडे पाहिलं. समाधानने स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ लावली.

"कसा हाय?" नवसाबाईंनी विचारलं.

"लय कडू हाय," गोटीराम सावकाश म्हणाले. मग एक सुस्कारा सोडला. "पन तब्येतीपुढं काय इलाज? अजून एक दे."

तब्येतीसाठी त्यांनी एकूण पाच ग्लास घेतले! पोट दुखायचं थांबलं. ते पाय पसरून बसले, नातीला, सृष्टीला, पाठीवर घेऊन घोडा घोडा केला, बायकोला म्हणाले, "नवसे, तू लय कष्ट काढलेस गं." आणि दिवे लागले तरी बाजारभावाचं नाव नाही! नवसाबाई कधी घड्याळाकडे, कधी चपलेकडे बघत होत्या. अखेर त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"वीस वर्सांत पहिल्यांदा हा मानूस सांजच्याला घरात बसला! जावईबापू, हे मुतखड्याचं औषध नाय. हे दारू सोडवायचं औषध हाय!"

"मामी, नाही हो—"

"उद्या गावात सभा हाय. जार घेऊन चला!"

आता सांगा, समाधानने काय करावं? खरं बोललं तर बायको जाते, गप्प बसलं तर बिअर जाते. त्याने रात्रभर दोन्ही पारड्यांत तोलून पाहिलं आणि बिअर सोडली. हा निर्णय त्याने फार जड मनाने घेतला, हे प्रतिभाला आजही माहीत नाही.

सकाळी काळीपिवळी जीपमध्ये चौदा माणसं, दोन कोंबड्या आणि मांडीवर जार! रस्त्याला खड्डे एवढे, की जार आतल्या आत खवळला आणि धाडकन बूच उडालं. ड्रायव्हरने टायर फुटला म्हणून जीप बाजूला घेतली. नवसाबाईंच्या अंबाड्यावर फेसाचा तुरा!

"पाह्यलं?" त्या अभिमानाने म्हणाल्या, "औषधात जीव हाय!"

सायखेड्यात मारुतीच्या पारावर समितीच्या बायका लाटणी घेऊन बसल्या होत्या, आणि गावातले नामचीन पिणारे समोर खाली मान घालून. नवसाबाईंनी पहिला ग्लास मल्हारीला दिला. मल्हारी म्हणजे त्यातला म्होरक्या. त्याच्याशिवाय दुकान उघडत नसे आणि त्याला उचलल्याशिवाय बंद होत नसे.

मल्हारीने घोट घेतला आणि त्याची मान ताडकन वर झाली. "आयला! ही तर—"

बायकांची लाटणी सरसावली. गोटीराम मागून खाकरले, असे खाकरले की पारावरची कबुतरं उडाली! मल्हारीने त्यांच्याकडे पाहिलं, भरल्या जारकडे पाहिलं, आणि हात जोडले.

"मावशे, ही तर लय कडू हाय! पन गावासाठी घेतो. रोज घेतो!"

बाकीच्यांना तेवढा इशारा पुरला. कुणी "माझंबी व्यसन सोडवा!" म्हणून पुढे आला, कुणी दोनदा सोडवून घेतलं. बारकू तर आयुष्यात कधी प्यायला नव्हता, तोही "पुढं लागू नये म्हनून" रांगेत उभा राहिला. दुपारी बातमी आली की दुकानात आज एक गिऱ्हाईक नाही! बायकांनी टाळ्या वाजवल्या. समाधानच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, आणि दर बुधवारी दोन जार आणायचं त्याच्या वतीने नवसाबाईंनीच जाहीर केलं.

ऊन मी म्हणत होतं. शालीत समाधान उकडून निघाला होता. जारच्या तळाचा शेवटचा ग्लास भरून ठेवला होता, सोनेरी, वर बोटभर फेस. त्याने हळूच हात पुढे केला.

"मामी, तेवढा मी—"

नवसाबाईंनी ग्लासावर हात ठेवला. "तुमी? तुमचा खडा तर गेला! अन् हे पिनाऱ्यांचं औषध हाय. तुमी कुठं पिता?" मग गर्दीकडे वळून त्या गरजल्या, "बघा रे, हा मानूस! सात वर्सांत थेंब घेतला नाय! असा जावई मिळायला पुन्य लागतं!" आणि तो ग्लास त्यांनी मल्हारीच्या हातात दिला.

बोलताना त्यांचा गळा दाटून आला होता. ते पाहून समाधानला बरं वाटलं. खरंच वाटलं. घसा तेवढा कोरडा होता.

सभा पांगली. मल्हारी पाराच्या कडेला बसून तो शेवटचा ग्लास चवीचवीने संपवत होता. समाधान त्याच्याशेजारी जाऊन टेकला. पाच किलो जव, चौदा दिवस, वहीभर तापमानं. निदान क्वालिटी रिपोर्ट तरी! इकडेतिकडे बघत त्याने हळू आवाजात विचारलं, "मल्हारीभाऊ, खरं सांगा. चवीला कशी झालीय?"

मल्हारीने मिशीवरचा फेस पुसला आणि त्याच्याकडे फार दयेने पाहिलं.

"जाऊ द्या, पाव्हनं. तुमाला सांगून काय उपेग? त्याला प्यावी लागती!"