लाल द्रव पिवळा होतो

काम संपल्यावर मागमूस न ठेवता नाहीसं होणं, हा सद्गुणांचा कळस आहे. माणसांकडून ही अपेक्षा करता येत नाही (निवृत्त झालेलेही कॅन्टीनमध्ये वॉफल खायला येतच राहतात), म्हणून नॉर्वेच्या तेलनगरीत, स्टावांगरमध्ये, ती रसायनांकडून करतात.

समुद्रातल्या तेलविहिरींच्या नळांत किटलीच्या बुडाला धरतो तसा क्षार धरतो. तो धरू नये म्हणून तिथल्या रसायनतज्ज्ञ तुरिदच्या प्रयोगशाळेत एक द्रव बनायचा. द्रव गुणी, पण समुद्रात गेल्यावर वर्षानुवर्षं तसाच राहायचा. म्हणून सरकारदरबारी त्याचा वर्ग लाल, म्हणजे नकोसा; चालण्याजोग्याचा पिवळा. उन्हाळ्यापर्यंत तो पिवळा झाला नसता, तर प्रयोगशाळेला टाळं लागणार होतं. पिवळेपणाचा नियम सोपा आहे: द्रवाने विहिरीच्या कढत पाण्यात तग धरावा आणि समुद्रात पडताच जंतूंनी तो चार आठवड्यांत फस्त करावा.

तुरिदने चिकोरीच्या मुळांपासून नवा द्रव बनवला. चाचणीचे शेवटचे दिवस नेमके ईस्टरच्या सुट्टीत आले. सगळे संत्री आणि स्की घेऊन डोंगरातल्या केबिनींत गेले. कामावर राहिले ते चाचणीच्या बाटलीतल्या समुद्राच्या पाण्यातले जंतू. त्यांनी एकही रजा न घेता जवळजवळ सगळा द्रव संपवला (जादा कामाचा भत्ताही मागितला नाही). परतल्यावर बाटलीतल्या पाण्यात द्रव जेमतेम उरलेला पाहून तुरिदला रडूच फुटलं. द्रव पिवळा झाला, केक कापला गेला.

मग समुद्रातल्या तेलविहिरीच्या तळावरून तिथला प्रमुख एगिल याचा फोन आला.

"तुरिद, नळ चोंदलेत गं. टाकीत पाणी भरून पाठवलंस की काय?"

"काहीतरीच! द्रवच होता."

"होता ना. आता आत बुळबुळीत काहीतरी वाढलंय, आणि भलतंच खुशीत दिसतंय."

जंतू समुद्र येईपर्यंत थांबले नव्हते; टाकीतच जेवायला बसले होते.

"जंतुनाशक घाल त्यात," एगिल म्हणाला.

"अरे, ते लाल वर्गातलं आहे!"

"असू दे की. त्याची फाईल वेगळी."

रंग ठरवणाऱ्या सरकारी समितीलाही हे पटलं. तिने ठरवलं की पिवळा द्रव खाण्याजोगा आहेच. जंतूंनी जंतुनाशकाने मरून तो खायचा सोडला, तर तो जंतूंचा कामचुकारपणा. प्रयोगशाळा वाचली.

सुटकेच्या भरात तुरिदने समितीला एक प्रश्न विचारला: या सगळ्या खटाटोपातून जे तेल वर येतं, त्याचा रंग कोणता? उत्तर तत्परतेने आलं. तेल आपण समुद्रात सोडत नाही, विकतो. पुढे त्याचा धूर होतो, तो गिऱ्हाइकाचा खाजगी प्रश्न आहे.

हे गिऱ्हाईक कोण, याचा शोध आपण सगळे मिळून घेऊच. तोवर वाचकहो, खाली चालू ठेवलेली गाडी तेवढी बंद करून या.