एकच बंदूक पायजे, पण बराबर पायजे

आमच्या शिवारात बंदुकीतलं माझ्याइतकं कळणारा दुसरा गडी न्हाई. आता मी आजवर जी बंदूक पाह्यली ते मुसळ व्हतं, ही गोष्ट अलग.

ते मुसळ रंगनाथनानाचं. जाफराबादच्या अलीकडं आमचं रान, नानाच्या बांधाला माझा बांध. सकाळी लोकं खांद्यावर कुदळ घेऊन निघतेत, पाठीवर फवारणीचा पंप घेऊन निघतेत. नाना मुसळ घेऊन निघतेत. बांधावर थांबतेत, एक डोळा झाकतेत, मुसळ गालाला लावतेत आन मक्याकडं नेम धरतेत. नवीन माणूस असला तर तो वाट बदलून जातो.

त्याचं असं हाय. नानाच्या वडलाकडं पीक राखायचा परवाना व्हता. वडील गेल्यावर तो नानाच्या नावावर झाला. जुनी बंदूक पेटीतच गंजून निकामी झाल्ती, ती ठाण्यात जमा केली. आता नवी घ्यायची. पण परवान्यावर हत्यार एकच बसतंय. तव्हापासून नाना ती एक निवडून राह्यलेत. माणसानं बायको याच्यापेक्षा जल्दी निवडली. मला तर निवडूच दिली न्हाई.

“एकच पायजे, पण बराबर पायजे,” नाना म्हणायचे. “डुकराला पुरली पायजे. रोहीला, त्या घोड्याएवढ्या नीलगायीला पुरली पायजे. हरणं आले तर त्यायला मारायचं न्हाई, नुस्ता आवाज करून हाकलायचं.”

“आन वानर आलं तर?” मी इचारलं.

“वानराला नुस्ती दाखवायची. म्हंजे दिसायला बी चांगली पायजे.”

मुसळ म्हंजे रायफल आन तुरीची काडी म्हंजे छर्र्याची बारा बोअर, असा हिशोब. मुसळ झालं की काडी, काडी झाली की मुसळ. मी म्हणलं, “नाना, रायफलच घ्या. काम खतम.”

“तिची गोळी लांब जाती. डुकरातून निघून पलीकडं तुझ्या घरच्या माठात बसंल.”

“मंग बारा बोअर घ्या.”

“तिचा छर्रा पांगतो. दोन डुकराला आन बाकीचे मक्याला. पीक राखायला गेलो आन पीकच झोडपलं!”

गोळीचा तर अजून मोठा घोळ. खिशात चिंचोके ठेवायचे. एका चिंचोक्याला घासून टोक काढलेलं, एक बोथट. “टोकदार आरपार जाती. डुक्कर तसंच पळतं आन कुठंतरी झुडपात तडफडत पडतं. नरम नाकाची गोळी आत फुलती, जनावर जागेवर बसतं. जनावराला हाल नको, गणपत.” मंग तो चिंचोका खिशात टाकून म्हणायचे, “ठरलंच समज.” दुसऱ्या दिवशी पुन्हा मुसळ खांद्यावर.

नेम धरायला जनावर लागतं. ते मी. नाना म्हणायचे, “गणपत, जरा डुक्कर हो.” मंग मी चार पायावर मक्याच्या कडंनं चालायचो. “मान खाली. आता आडवा हो. शाबास! डुक्कर म्हणून तू एक नंबर हाय.” एकदा माझी बायको मंदा भाकर घेऊन आल्ती. तिनं मला तसं पाह्यलं, भाकर बांधावर ठेवली आन माघारी गेली. त्या दिवसापासून ती लोकायला सांगती, आमच्या घरी जनावर हाय, पण दूध देत न्हाई.

हे सगळं मी का सहन करायचो? माझा मका. नाना निवडून राह्यले आन तिकडं खरे डुकरं माझ्या मक्यात पंगत बसवून राह्यले. नानाची बंदूक आली म्हंजे दोघायचं बी रान राखलं जाईल, अशी माझी आशा.

नानाचा पोरगा संजू पुण्याला कंपनीत हाय. दर ऐतवारी सकाळी त्याचा फोन. बापलेक बंदुकीवरच भांडायचे. हे म्हणायचे रायफल, तो म्हणायचा बारा बोअर. पुढच्या ऐतवारी तो रायफल म्हणला की हे बारा बोअर. नानाचा चहा निवून साय धरायचा, तरी फोन चालूच.

एका ऐतवारी नाना हौदाकडं गेल्ते आन ओट्यावर नानाचा फोन वाजला. म्या उचलला. मनात म्हणलं, पोरानं एकदा पक्कं धरलं की नानाला मागं फिरता येणार न्हाई. अक्कल चालवली.

“संजू, गणपतकाका बोलतो. नानाचं ठरलं रे. बारा बोअर. वाद मिटला.”

तिकडून संजू म्हणला, “ठरलं? बरं झालं काका. मंग ठेवतो.”

नाना आले, म्हणले, “कोण व्हतं?” म्हणलं, “फोन कंपनीवाले, रिचार्ज म्हणत व्हते.”

पुढच्या ऐतवारी फोन वाजला न्हाई. नाना ओट्यावर बसले, फोन मांडीवर. मंग उठून टेकाडावर गेले, फोन वर धरला. “रेंज न्हाई आज,” म्हणले. माझ्या फोनवर तव्हाच मंदाच्या भावाचा फोन येऊन गेल्ता, पण ते म्या नानाला सांगितलं न्हाई. त्याच्या पुढच्या ऐतवारी बी तसंच. ते टेकाडावर बी गेले न्हाईत. म्या पाह्यलं तर मुसळ घरात, उखळाच्या बाजूला उभं. नानाची बायको, आमची काकू वारल्यापासून ते तिथं ठेवलेलं कोणी पाह्यलं नव्हतं.

मी आपला अंगणात चार पायावर झालो. “नाना, डुक्कर आलं. धरा नेम.”

“ऱ्हाऊ दे. उठ. गुडघे घासतीन तुझे.”

“संजूला तुमीच लावा की फोन.”

“लावून काय बोलू?” नाना म्हणले. “कंपनीतलं मला कळत न्हाई, मक्यातलं त्याला नको. त्याची माय व्हती तव्हा तीच बोलायची. मी फोन घेतला की जेवला का, जेवलो, ठेवतो. बंदुकीचं निघालं तव्हा कुठं पोरगं बोलाया लागलं.” चिंचोका बोटात फिरवत राह्यले. “आता ते बी सरलं वाटतं.”

मी गोठ्यामागं गेलो आन संजूला फोन लावला. “संजू, लई घोळ झाला. ते बारा बोअर म्याच ठरवलं व्हतं. नाना म्हणतेत रोहीला पुरत न्हाई.”

“मी तर आधीच म्हणत व्हतो!” पोरगं वरडलं. मंग आवाज बारीक झाला. “काका, ऐतवारसाठी आठवडाभर व्हिडिओ पाहून ठेवतो मी. वाटलं, आता नानाला काय सांगू?”

“सांग की जल्दी. माझ्या मक्याचं काय व्हायचं ते व्हईल.”

मी ओट्याकडं येईपर्यंत फोन वाजला. नानानं पहिल्या घंटीला उचलला. “काय म्हणतो? रोहीला पुरत न्हाई? आरं, तुला कोण सांगतं!” आन आत जाऊन मुसळ घेऊन आले. एका हातात फोन, एका खांद्यावर मुसळ, अंगणात चकरा चालू. आवाज असा की माझ्या मक्यातले डुकरं बी उठून पळाले असतीन.

मला लई आनंद झाला. वाटलं, हे आपण जुळवलं, तर आपला बी एक शब्द असावा. जवळ जाऊन म्हणलं, “नाना, त्याला सांगा, नरम नाकाची गोळी असली की रायफलच…”

नानानं फोनवर हात ठेवला. “गणपत, तुला बंदुकीतलं काय बी कळत न्हाई. डुक्कर मधी बोलत नसतं. चार पायावर हो आन गप ऱ्हा.”