पाहुण्याच्या वाटेवरचं पाणी

"जसं आहे तसं राहू द्या," येसेनियाने चौथ्यांदा सांगितलं. "उद्या साहेबांना धूळ दिसली पाहिजे. पिंपं दिसली पाहिजेत. कळलं ना?"

सगळ्यांनी माना हलवल्या. माना हलवण्यात ही टेकडी कधीच मागे नव्हती. येसेनिया समाजसेविका. लिमाच्या या बोडक्या टेकडीवर नळ यावा म्हणून ती तीन वर्षं अर्ज लिहीत होती. खालच्या वस्तीत हिरवळीवर दिवसभर कारंजी उडत आणि वर आठवड्यातून एकदा टँकर यायचा, तोही त्याच्या मनात आलं तर. उद्या पाणीखात्याचे साहेब तपासणीला येणार होते; त्यांच्या कागदावर 'पाणीटंचाई आहे' एवढे शब्द आले की नळ मिळणार होता. नाही आले, तर फाइल पुन्हा ढिगाच्या तळाशी.

सकाळी टेकडीवरच्या फोर्तुनाता आजीने दार उघडलं आणि तिला कसंतरीच झालं. इतक्या लांबून माणूस येणार आणि त्याने धूळ तुडवत आत यायचं? तिने दारापुरतं मगभर पाणी शिंपलं. समोर राहणाऱ्या मेलितोनने ते पाहिलं. तो वस्तीच्या समितीचा अध्यक्ष. फोर्तुनाताचं दार ओलं आणि अध्यक्षाचं कोरडं, हे त्याला बघवेना. त्याने बादलीच रिकामी केली. मग शेजारणीने पायऱ्या शिंपल्या, पलीकडचीने लाद्या पुसल्या, कुणी डब्यांतल्या फुलझाडांना पाणी घातलं, कुणी पाहुण्यासाठी चिचा, म्हणजे जांभळ्या मक्याचं सरबत, उकळत ठेवलं. आठ वाजता एकशे बारा पायऱ्या ओल्या होत्या.

साहेबांना घेऊन वर आलेल्या येसेनियाचा चेहरा उतरला.

"मेलितोनकाका, हे काय?"

"काही नाही बाई. जरा शिंपलं. लांबून आलेत ते."

"एवढं पाणी कुठून आणलंत?"

"पिंपातलं. होतं तेवढं."

साहेबांचं नाव बाल्तासार केसादा. ते इंजिनिअर नव्हते, पण हातात फाइल असलेल्या माणसाला टेकडी इंजिनिअरच म्हणते.

"आमच्या गल्लीपेक्षा तुमची टेकडी स्वच्छ," केसादा म्हणाले आणि त्यांनी कागदावर लिहिलं: पाणी पुरेसं.

"साहेब, निदान पिंपं तरी उघडून बघा," येसेनिया म्हणाली.

"बाई, जमीन ओली आहे. अजून काय बघायचं?"

येसेनियाला रडू येत होतं. तेवढ्यात फोर्तुनाताने उकडलेले बटाटे आणि रोकोतो मिरचीची चटणी पुढे ठेवली. केसादांनी बटाटा सोलला, चटणीत बुडवला, खाल्ला, आणि घाम पुसताना तेच बोट डोळ्यात गेलं. रोकोतो ही मिरची साहेब-चपराशी बघत नाही.

"पाणी," ते कसेबसे म्हणाले.

मेलितोन धावला. त्याच्या पिंपात मग नुसता तळाला खरवडला. शेजारणीचं तसंच. एक डोळा मिटून केसादा दारोदार फिरू लागले आणि मागून सगळी टेकडी.

"चिचा चालेल का डोळ्यात?" कुणीतरी काळजीने विचारलं.

"अहो, पाणी कुठे गेलं सगळं?" केसादांनी विचारलं.

"तुमच्या वाटेवर, इंजिनिअरसाहेब," मेलितोन म्हणाला.

शेवटी फोर्तुनाता घरातून किटली घेऊन आली. "मान वाकवा." तिने त्यांच्या हनुवटीखाली पातेलं धरलं आणि हळूहळू धार सोडली. डोळा उघडला.

"म्हणजे होतं की पाणी."

"नातीचं होतं. दुधाची पूड कालवायला उकळून ठेवलेलं."

"तिची आई?"

"खालच्या वस्तीत आहे. तिथल्या लोकांची पोरं सांभाळते."

"टँकर कधी येतो?"

"परवा. आला तर."

"तोपर्यंत?"

"शेजारी मागू," फोर्तुनाता म्हणाली. शेजारी काय आहे, ते केसादा आत्ताच पाहून आले होते.

डोळा धुतलेलं पाणी तिने जपून बादलीत ओतलं.

"ते कशाला ठेवताय?"

"लादी पुसायला. तिखट आहे, मुंग्या येणार नाहीत."

केसादांनी फाइल उघडली. मग त्यांनी लिहिलेलं खोडलं, नवीन काहीतरी पानभर लिहिलं आणि फाइल तिथेच ठेवून, निरोप न घेता पायऱ्या उतरून गेले. येसेनियाने पान वाचलं. पहिलीच ओळ होती: पाणीटंचाई आहे. तिने ती पुन्हा वाचली.

"रागावले का गं पोरी?" फोर्तुनाताने विचारलं. "आमचं काही चुकलं?"

अर्ध्या तासाने केसादा परत आले. पायऱ्या केव्हाच वाळल्या होत्या. खालच्या दुकानातला पाण्याचा मोठा जार त्यांच्या खांद्यावर होता, बूट धुळीने पांढरे झाले होते आणि श्वास पुरत नव्हता. त्यांनी जार आत नेऊन ठेवला.

फोर्तुनाताने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या बुटांकडे पाहिलं. नातीपुरतं पाणी किटलीत काढलं, चुलीवर ठेवलं, आणि आणखी एक मग भरून ती दाराकडे निघाली.

"कुठे?" येसेनियाने विचारलं.

"उतरताना त्यांना धूळ लागेल."

केसादा इस्त्रीच्या पँटनिशी तिची वाट अडवून उंबऱ्यातच फतकल मारून बसले आणि तिने भरलेला मग परत आत ठेवेपर्यंत तिथून हलले नाहीत.