फणसापाशी बसणारा कॉम्प्युटर

चालत्या यंत्राला एक माणूस पुरतो; बंद पडणाऱ्या यंत्राला निदान सात लागतात. बेकारीचा प्रश्न ज्यांना मनापासून सोडवायचा आहे, त्यांनी हे सत्य नजरेआड करता कामा नये. एकाने यंत्र बंद पडल्याचं सांगायचं, दुसऱ्याने तसं काही झालं नसल्याचं सांगायचं, तिसऱ्याने दोघांचंही टिपून ठेवायचं, चौथ्याने त्यावर अभिप्राय द्यायचा, पाचव्याने चहा सांगायचा, सहावा रजेवर असतो, आणि सातव्याने यंत्राच्या पाठीवर हात ठेवून "तापलंय" असं म्हणायचं.

रत्नागिरीच्या जिल्हा फळझाड नोंदणी कार्यालयात भागोजी हा यांपैकी तिसरा होता. मुंबईची त्याची गिरणी संपात जी बसली ती उठली नाही. मग भागोजी चार वर्षं मुंबईतच मिळेल ते करत राहिला, शेवटी वळकटी गुंडाळून गावी आला आणि सत्त्याऐंशी साली कार्यालयात कॉम्प्युटर आला तेव्हा रोजंदारीवर लागला. त्याच्या नेमणुकीच्या हुकुमात स्पष्ट लिहिलं होतं: 'संगणकातील बिघाड दूर होईपर्यंत, तात्पुरत्या स्वरूपात.' काम सोपं होतं. कॉम्प्युटर बसला की नोंद करायची, बटण बंद करायचं, शंभरपर्यंत आकडे मोजायचे आणि बटण चालू करायचं. (जगातल्या मोठमोठ्या तज्ज्ञांना याहून वेगळा उपाय सापडल्याचं अजून ऐकिवात नाही.)

जिल्ह्यातलं प्रत्येक आंब्याचं, काजूचं, फणसाचं झाड, त्याचं गाव आणि त्याचा मालक एवढं कॉम्प्युटरच्या पोटात भरायचं, हा या योजनेचा उदात्त हेतू. मजकूर मराठी आणि अक्षरं इंग्रजी असल्यामुळे दोन्ही भाषांना सारखाच त्रास होई. त्यासाठी डाटाबेस नावाचा प्रोग्रॅम पुण्याहून फ्लॉपीवर आला होता. कार्यालयप्रमुख श्री. पुरुषोत्तम गणेश बेहेरे, बी.एस्सी. (कृषी), यांनी त्या फ्लॉपीला हळदकुंकू वाहिलं, थंड हवेचं यंत्र बसवून घेतलं, खोलीबाहेर चपला काढायचा नियम केला आणि कॉम्प्युटरच्या प्रकृतीवर देखरेख ठेवण्यासाठी एप्रिल-मे स्वतःची खुर्ची त्याच खोलीत हलवली. जून लागताच देखरेखीची गरज राहिली नाही.

पण कॉम्प्युटर बसायचा. आंब्याला चालायचा, काजूला पळायचा आणि फणस आला की टूंऽ करून पडदा काळा. मागचं सगळं टाइप केलेलं गडप. टंकलेखक डोक्याला हात लावायचा आणि भागोजी शंभर मोजायला घ्यायचा.

फणसालाच का, यावर कार्यालयात खूप मंथन झालं. कोकणात जन्मलेल्या माणसाला याचं उत्तर शोधायला यंत्रशास्त्र लागत नाही. फणसाचा चीक! जो हाताला लागला तर आठवडाभर सुटत नाही, तो कॉम्प्युटरला काय सोडणार? टंकलेखकाच्या घरी दारात बरक्या फणस आहे, तो सकाळी गरे खाऊन येतो, हे चौकशीत बाहेर आलं. त्यावर बेहेरे साहेबांनी परिपत्रक काढलं, ते असं: कार्यालयाच्या आवारात फणस, गरे, आठळ्या अथवा सांदणं आणू नयेत, फणसाची नोंद करण्यापूर्वी संबंधितांनी दोन्ही हातांस खोबरेल लावावे, तेल कार्यालयीन खर्चातून मिळेल.

परिणाम समाधानकारक होता. फणसाला बसण्याचं प्रमाण तीन टक्क्यांनी घटलं, कारण बोटं घसरून टंकलेखक फणसापर्यंत पोचेच ना. आंब्याच्या ठिकाणी मात्र 'aaaa' अशी नवीनच जात नोंदली जाऊ लागली. (तिची लागवड खेड बाजूला वाढत असल्याचं वार्षिक अहवालात म्हटलं आहे.)

घरी भागोजीची बायको सावित्री रोज संध्याकाळी दारातच विचारायची, "आज पडला काय वो?"

"दोनदा."

"देव पावला," म्हणून ती चुलीवर कालवण ठेवायची. ज्या दिवशी भागोजी "आज नाय पडला" म्हणे, त्या दिवशी घरात भांडी जरा जोरातच आपटत. चार वर्षं नवरा मुंबईत आणि आपण गावात, अशी तिने लग्नानंतर काढली होती. नंतर तो परत आला तर पोरगी त्याला बघून पडवीत लपली होती. आता कुठे ती त्याच्या पाठीवर बसून घोडा घोडा करायला लागली होती. त्यामुळे हा बिघाड टिकला पाहिजे, एवढंच या घराचं देवाकडे मागणं होतं, आणि ते अवाजवी होतं असं आम्हाला तरी वाटत नाही.

खोबरेलाने भागत नाही म्हटल्यावर कार्यालयाने ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. गाऱ्हाणं भागोजीनेच घातलं, कारण त्याचा आवाज मोठा आणि रोजंदारीवाल्याला नाही म्हणता येत नाही.

"बा देवा म्हाराजा! ही तुजी लेकरां, साहेब नि कारकून, आज तुज्या पायाशी इली हायत. ह्या मशिनीवर कुणाची वाकडी नजर असंल, कुणाचा काय चुकलामाकला असंल, ता माफ कर नि मशिनीची इडापिडा टाळ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बेहेरे साहेबांसह सर्व कर्मचाऱ्यांनी एकमुखाने म्हटलं. (हजेरी शंभर टक्के. कार्यालयीन वेळेतली ती वर्षातली विक्रमी हजेरी होय.)

सगळे परत फिरल्यावर भागोजीने खिशातला दुसरा नारळ काढला, हळूच देवासमोर ठेवला आणि पुटपुटला, "मगाशी बोललो ता सरकारी होता. ह्यो माजा सोताचा. मशीन हाय तशीच ऱ्हाऊ दे." देवापुढे एकाच प्रकरणात दोन परस्परविरोधी अर्ज पडले. अशा वेळी देवही कार्यालयासारखाच वागतो, प्रकरण पडू देतो. कॉम्प्युटर बसत राहिला.

पण पावसाळ्याच्या तोंडावर वरून पत्र आलं. शुक्रवारी खात्याचे मंत्री येणार, त्यांच्या हस्ते संपूर्ण यादी छापून बाहेर निघाली पाहिजे. बेहेरे साहेबांना घाम फुटला. (थंड हवेचं यंत्र वीज गेल्याने बंद होतं.) मुंबईहून तज्ज्ञ मागवण्यात आले. श्री. चंद्रहास वामन सोहोनी, बी.ई., हे बुधवारी सकाळच्या एस.टी.ने उतरले, सुरमई खाल्ली, तासभर झोपले आणि मग कॉम्प्युटरसमोर बसून म्हणाले, "बसतो ती नोंद दाखवा."

भागोजीने नोंदवहीतला पूर्णगडचा एक फणस दाखवला.

सोहोनी वहीकडे बघतच राहिले. "ही नावं कसली? गावाची मतदारयादी भरलीय का?"

"मालक हायत, साहेब."

"एका झाडाला?"

"ह्यो धाकटा फणस, साहेब. मोठ्याला मालक जास्त नि फणस कमी लागतत."

तिथे सगळा उलगडा झाला. आंबा-काजूची कलमं एकेकाने लावलेली, त्यांना मालक एक. फणस मात्र आज्या-पणज्याच्या बांधावरचे. चार भावांचे चार वाटे, त्यांच्या मुलांचे वाट्यात वाटे, त्यातले निम्मे मुंबईत, काही बोटीवर, आणि कुणीच कुणाला वाटा सोडायला तयार नाही. प्रोग्रॅम लिहिणारा पुण्याचा. त्याने झाडामागे एक मालक धरून तेवढीच जागा ठेवलेली. तिच्यात साठ भाऊबंद कोंबले की कॉम्प्युटर मान टाकायचा. कोर्टात तीन पिढ्या जे चालत आलं आहे, ते पेलायची अपेक्षा एका पेटीकडून करणं अन्यायाचंच होतं.

"मालकांची वेगळी यादी करून ती झाडांना जोडायला लागेल," सोहोनी म्हणाले. "तीन महिने धरा."

"आणि शुक्रवारपर्यंत?" बेहेरे साहेबांनी विचारलं.

सोहोनींनी थोडा विचार केला. "शुक्रवारपर्यंत करायचं तर पहिलं नाव ठेवायचं आणि पुढे 'व इतर' लिहायचं. प्रोग्रॅम आपोआप लिहील. चहा येईस्तोवर होतंय."

आणि झालंच. चहा आला तेव्हा पूर्णगडचा फणस टूं न करता पडद्यावर उभा होता: 'मालक: अनाजी व इतर.' अनाजी हा आगबोटीवर खलाशी म्हणून गेला तो तीस वर्षांत परतला नव्हता, पण इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने त्याचं नाव सगळ्यांच्या आधी येत होतं. नशीब म्हणतात ते हेच. शुक्रवारी यादी सरसर छापून निघाली, मंत्र्यांनी तिचं एक टोक धरलं, बेहेरे साहेबांनी दुसरं, आणि फोटो निघाला.

पुढल्या सोमवारी पूर्णगडची येसूबाई दाखला मागायला आली. त्या फणसाखाली झाडलोट करणारी, माकडं हाकणारी आणि भाऊबंदांना शिव्या घालणारी ती एकटीच होती.

"माजा नाव बग रे झिला."

भागोजीने यादीवर बोट ठेवलं. "ह्यां काय आये, 'व इतर'."

"इतर म्हंजे कोन?"

"तुमी."

"नि बाकीची मानसां?"

"तीपन ह्यातच."

येसूबाईने त्या दोन शब्दांकडे बराच वेळ डोळे बारीक करून पाहिलं. "येवढ्याशा जाग्यात?" ती म्हणाली, आणि दाखला न घेताच उठून गेली.

या यशाने बेहेरे साहेब पेटले. बिघाडाचं मूळ नावांच्या गर्दीत असतं, हे सूत्र एकदा हाती लागल्यावर त्यांनी ते सर्वत्र लावलं. गावांची यादी 'केळशी व इतर' अशी आटोपशीर झाली. मग त्यांनी कार्यालयाची कर्मचारी यादीही कॉम्प्युटरवर घेतली. ती एका ओळीत मावली: 'श्री. पुरुषोत्तम गणेश बेहेरे, बी.एस्सी. (कृषी), व इतर.' कायम कर्मचाऱ्यांना याचा काही त्रास झाला नाही. त्यांची सेवापुस्तकं कपाटात होती. भागोजीला सेवापुस्तक नव्हतं.

बिघाड दूर झाल्याचा दाखला फाइलला लागला तेव्हा भागोजी दोन रात्री जागा होता. पण त्याला कमी केल्याचा हुकूम काही निघेना. चौकशी करता कळलं की हुकूम काढायला नाव लागतं, नाव यादीतून घ्यायचं असतं, आणि यादीत नाव नाही. भागोजी धावत घरी गेला. सावित्रीने त्या दिवशी खाडीतल्या तिसऱ्यांचं सुकं केलं आणि पोरीला जवळ घेऊन उगाचच हसत राहिली.

महिनाअखेरीस मजुरीचा कागद निघाला. त्यातही तो नव्हता. भागोजी साहेबांपुढे उभा राहिला.

"साहेब, मी हाय काय नाय?"

बेहेरे साहेबांना मनापासून वाईट वाटलं. "असं काय विचारतोस? इतरांत तू आहेसच. मी स्वतः सही केलीय."

"मंग मजुरी?"

"मजुरी नावावर निघते रे. तू असं कर, सर्व इतरांच्या सह्यांचा एक अर्ज आण."

भागोजी कॉम्प्युटरच्या खोलीत गेला. दुपारची जेवणाची सुट्टी होती, कोणी नव्हतं. त्याने पूर्णगडचा फणस काढला आणि एकेक अक्षर शोधत साठही नावं पुन्हा घालायला घेतली. बस रे बाबा, एकदा बस, असं म्हणत होता. कॉम्प्युटर बसला नाही. प्रत्येक नाव त्याने निमूट गिळलं आणि खाली तीच ओळ दाखवली. शेवटी भागोजीने स्वतःचं नाव घातलं. तेही गेलं. मग त्याने सवयीने बटण बंद केलं, शंभर मोजले आणि चालू केलं. कॉम्प्युटर ठणठणीत होता.

गणपती झाल्यावर तो मुंबईच्या एस.टी.त बसला, चुलतभावाने कुठल्याशा गोदामात शब्द टाकला होता. पोरगी स्टँडवर त्याचा सदरा सोडेना. सावित्रीने तिची बोटं एकेक करून सोडवली. "घरात ऱ्हावा म्हटला, तर मशीन बरी झाली," ती म्हणाली, आणि भर स्टँडवर रडली.

कार्यालयाच्या कामावर याचा परिणाम झाला नाही. इतरांतून एक वजा केला तरी इतर उरतात, त्यामुळे यादीत दुरुस्ती करावी लागली नाही. सोहोनींच्या प्रोग्रॅमला बक्षीस मिळालं आणि तो आणखी काही कार्यालयांनी मागवून घेतला.

इथपर्यंत आलेले वाचक त्या पेटीवर चांगलेच चिडले असतील. माणसाचं नाव गिळते म्हणजे काय! चिडणं योग्यच आहे. परंतु निष्पक्ष चौकशीच्या हितासाठी एक गोष्ट नमूद करणं भाग आहे. बेहेऱ्यांचं नाव त्यांच्या वडिलांच्या नावासकट आणि पदवीच्या कंसासकट तुम्हाला ठाऊक आहे. सोहोनींचंही ठाऊक आहे. भागोजीबरोबर तुम्ही देवळात गेलात, त्याच्या घरचं कालवण पाहिलंत, त्याला एस.टी.त बसवून दिलंत. त्याचं आडनाव काय, हे मात्र तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.