परबकाकांच्या डाव्या दाराची लाईट

आमच्या विक्रोळीच्या सोसायटीत कुणाची गाडी चालू झाली नाही, तर मेकॅनिकच्या आधी परबकाकांना हाक जाते. काका बॉनेटला हातही लावत नाहीत. ड्रायव्हरच्या सीटवर बसतात, डोळे मिटतात आणि विचारतात, नवीन काय लावलंस? मालक म्हणतो, काही नाही. मग डोळे न उघडता काका म्हणणार, "करंट खोटा बोलणा नाय. माणूस बोलता." पाच मिनिटांत मालक कबूल करतो, की गेल्याच आठवड्यात डिकीत मोठा स्पीकर बसवलाय.

जन्मभर कारखान्यात वायरमन होते, त्यामुळे कुणाची बोलायची टाप नाही. आता त्यांच्या स्वतःच्या अठरा वर्षांच्या गाडीत काय काय आहे ते ऐका. पुढे जास्तीचे दोन दिवे, डॅशबोर्डवर पंखा, गणपतीच्या मागे फिरणारं चक्र, आणि रिव्हर्स टाकला की आरती. मोबाइल एक, चार्जर चार. मी आत बसतो तेव्हा पाय कुठे ठेवू असं होतं.

आणि हीच गाडी दर दोन दिवसांनी बंद. बॅटरी उतरलेली. आम्ही धक्का मारायचा आणि काकांनी आत बसून आमच्यावरच डाफरायचं! शेवटी सेक्रेटरी वैतागला. रविवारी सकाळी सगळ्यांसमोर एका चावीत गाडी चालू झाली पाहिजे, नाहीतर पार्किंग सोडा. पार्किंग गेलं की गाडी भंगारात जाणार, हे काकांनाही कळत होतं.

शनिवारी दुपारी मी हट्टाने त्यांना खाली नेलं. पद्धत त्यांचीच. बॅटरीची एक वायर सोडायची, मध्ये टेस्ट लॅम्प लावायचा आणि एकेक फ्यूज काढत जायचं. करंट कुठे गळत असेल तर लॅम्प पेटतो; ज्या फ्यूजला तो विझेल, तिथे चोर. पंखा गेला, चक्र गेलं, आरती गेली. सगळे फ्यूज माझ्या हातात, तरी लॅम्प आपला जळतोय. काका भलतीकडेच बघायला लागले. तेव्हा मला संशय आला.

डॅशबोर्डखाली चाचपलं, तर टेपमध्ये गुंडाळलेला आणखी एक फ्यूज. तो काढला आणि लॅम्प विझला. त्याची वायर डाव्या दाराखालच्या छोट्या बल्बला गेली होती. उतरताना एकदा काकींचा पाय गटारात गेला होता, तेव्हा काकांनी बसवलेला. काकी वर्षभर अंथरुणाला खिळून आहेत. बल्ब मात्र रात्रंदिवस चालू.

मी म्हटलं, काका, तुम्हाला माहीत होतं.

"माका म्हायत हा," काका हळू आवाजात म्हणाले. "तिका वरसून ती लाईट दिसता. बरी झाल्यावर फिराक जावचा हा, गाडी तयार हा, असा वाटता तिका. बंद केलंय तर म्हणतली, ह्यांनी आशा सोडली."

माझ्या स्कूटरची जुनी बॅटरी गॅलरीत पडून होती. ती आणून मी म्हटलं, तेवढी लाईट हिच्यावर चालवा, मी चार्ज करून देत जाईन. हे आपल्याला कसं सुचलं नाही, म्हणून काका स्वतःवरच भडकले. पण जोडणी अशी झकास केली, की रविवारी सकाळी अर्ध्या चावीत गाडी सुरू. काकांनी मुद्दाम रिव्हर्स टाकून सेक्रेटरीला पूर्ण आरती ऐकवली.

संध्याकाळी चार्ज केलेली बॅटरी खाली काकांच्या हातात दिली आणि पहिल्या मजल्यावर काकींना गाडीचं सांगायला गेलो. त्यांच्या खाटेशी वाकलो आणि सहज खिडकीतून बाहेर बघितलं. तिथून, काकींच्या उशीच्या उंचीवरून, समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी दिसत होती. बाकी काही नाही.

मी काकींकडे बघितलं. त्या हसल्या.

"ह्यांका सांगू नको," त्या पुटपुटल्या. "रोज विचारतत, दिसली काय? मी म्हणतंय, दिसली. नायतर हातपाय गाळून बसतले रे."

तेवढ्यात खालून काकांची हाक आली, "दिसली काय गो?"

काकींचे ओठ हलले, पण त्यांचा आवाज खाटेपलीकडे जात नाही. मग मीच खिडकीतून वाकून ओरडलो, "दिसली म्हणतायत, काका! झकास दिसली!"