बिनआवाजाचा एसी

जुना कूलर काढून एसी बसवायचं घरात ठरलं, तेव्हा राजकुंवरबाईंना कुणी विचारलं नाही. एसी त्यांच्याच खोलीत बसणार होता, मग विचारायचं काय, असं मननला वाटलं. आईला सुख द्यायचं तर ते विचारून कसलं द्यायचं!

"अठरा वर्षं झाली त्याला," जेवताना तो म्हणाला. "मोटर तीनदा भरून आणली. जब्बारचाचा म्हणतात, बॉडीला आता वेल्डिंग करायलासुद्धा लोखंड उरलं नाही."

"चालतोय की," राजकुंवरबाई म्हणाल्या.

"चालतो कुठं, मम्मी? बोंबलतो. खिडकीत ट्रॅक्टर उभा केल्यासारखं वाटतं. नवा एसी इतका शांत आहे, की चालू आहे का बंद ते हात धरून बघावं लागतं. आणि हिवाळ्यात गरम हवासुद्धा देतो."

"दोंडाईचात गरम हवेला मशीन लागतं?"

सून विधी खुदकन हसली. तिच्या मांडीवर आठ महिन्यांची हेतवी किरकिरत होती. पोरीच्या मानेवर, काखेत, कानामागं घामोळ्यांनी नुसता लाल चिखल केला होता. एका हातानं घास आणि दुसऱ्या हातानं लग्नपत्रिकेचा वारा, असं विधीचं जेवण चाललं होतं. त्या मानेकडं बघून राजकुंवरबाईंनी विषय सोडला. तसंही खरं कारण सांगण्यासारखं नव्हतंच.

राजकुंवरबाईंचे यजमान, मिश्रीलालजी, पौषात गेले. ब्लँकेट, रजया, गाद्यांचं दुकान. ऐन हंगामाचे दिवस. सकाळी शटर वर केलं, नवकार म्हटला, गादीवर बसले ते उठलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी जैन स्थानकात उठावणा झाला. शोक आवरता घ्यायचा म्हणून सगळा समाज एकत्र बसतो, तो दिवस. तिथल्या साध्वी महासतीजींनी समजावलं, की मागं राहिलेल्यांनी रडत बसणं म्हणजे आर्तध्यान, त्यात कुणाचंच कल्याण नाही. तेव्हा राजकुंवरबाई उभ्या राहिल्या, हात जोडले आणि भरल्या स्थानकात त्यांनी नियम घेतला, "आमच्या घरात कुणी रडणार नाही." आवाज जरासुद्धा कापला नाही. बायका एकमेकींकडं बघत राहिल्या. त्या नियमाचं कौतुक पार शिरपूरपर्यंत गेलं.

तो त्यांनी चौथ्या दिवशी मोडला.

थंडी होती तोवर रजईत तोंड खुपसून भागलं. मार्चमध्ये रजई गेली आणि कूलर सुरू झाला, तेव्हापासून दुपारचे दोन ते तीन त्यांचे झाले. दार ओढून घ्यायचं, कूलरचं बटण शेवटापर्यंत फिरवायचं, पलंगावर आडवं व्हायचं आणि रडायचं. डोळे पुसत नव्हे; आवाज काढून, हुंदके देत, नाव घेऊन. त्या खडखडाटाच्या पलीकडं चिमणीलासुद्धा काही ऐकू जात नसे. तीनला उठायचं, तोंड धुवायचं, चहा टाकायचा. तो एक तास होता म्हणून बाकीचे तेवीस निभत होते. आणि आता मुलगा हौसेनं तोच तास काढून घेत होता.

जब्बारचाचा कूलर न्यायला आला. त्यानंच तो अठरा वर्षांपूर्वी बनवला होता. "भाभीजी, याची लई सेवा झाली. आता सोडा त्याला," असं म्हणत त्यानं तो हातगाडीवर आडवा घातला. राजकुंवरबाई ओट्यावर उभं राहून गाडी वळेपर्यंत बघत राहिल्या. शेजारणीला वाटलं, भंगाराचा भाव मनासारखा आला नसेल.

पहिल्या दुपारी त्यांनी सवयीनं दार ओढलं, आडव्या झाल्या आणि पहिला हुंदका दिला. खोलीत तो ताटली पडावी तसा वाजला.

"मम्मीजी," स्वयंपाकघरातून विधीनं विचारलं, "उचकी लागली का? पाणी आणू?"

"नको!"

दुसरा हुंदका त्यांनी गिळला. एसी पांढऱ्या भिंतीवर पांढरा होऊन, काहीच न बोलता गार करत राहिला. मननचं खरं होतं. चालू आहे का बंद, कळत नव्हतं.

दहा मिनिटांनी दार उघडून विधी आत आली. "हिला जरा इथं टाकू का? बाहेर नुसती भाजतेय." नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत हेतवी त्यांच्या कुशीत होती आणि तोंड मिटेपर्यंत झोपलीही. दुसऱ्या दिवशी मनन जेवून थेट तिथंच आला आणि फरशीवर आडवा झाला. तिसऱ्या दिवशी विधीनं भाजी निवडायलाच आत आणली. चौथ्या दिवशी शेजारीण स्वेटर विणायला आली, मे महिन्यात. घरातली एकमेव एकांताची खोली आठवड्याभरात बसस्टँड झाली. हेतवीची मान मात्र रोज थोडी निवळत होती. राजकुंवरबाई तिच्या मानेला ओठ लावायच्या आणि स्वतःचीच लाज वाटून घ्यायच्या. लेकराला गार वाटतंय आणि आपल्याला रडायला जागा पाहिजे!

रडणं असं साठवून ठेवता येत नाही. पाचव्या दिवशी ते चपात्या लाटताना आलं. सहाव्या दिवशी दूधवाल्यासमोर. "धूर गेला डोळ्यात," त्या म्हणाल्या. घरात गॅस होता. दूधवाला भला माणूस, तोही डोळे चोळायला लागला.

जागा नाही तर नाही, निदान कारण तरी हवं, असा विचार त्यांनी केला आणि दुकानातल्या झुलालला मिरची आणायला पाठवलं. झुलाल मिश्रीलालजींच्या लग्नाआधीपासून दुकानात होता. त्यानं मिरचीचं पोतं ओट्यावर टेकवलं.

"अक्का, दहा किलो? इतली मिरची कसाले?"

"वर्षाचं तिखट करायचंय."

"मांगला वरीसले चार किलोमा व्हयनं व्हतं."

"यंदा झणझणीत खायचंय."

झुलालनं त्यांच्याकडं क्षणभर बघितलं आणि पोतं आत नेऊन ठेवलं.

त्या दुपारी राजकुंवरबाई पलंगावर पेपर अंथरून मिरच्यांची देठं खुडायला बसल्या. मिरच्या निवडणाऱ्या बाईच्या डोळ्यांतून पाणी आलं तर जगात कुणी तिला का म्हणून विचारत नाही. युक्तीत खोट एकच होती. खोली बंद होती, आणि एसी तीच हवा पुन्हा पुन्हा फिरवत होता.

पाचव्या मिनिटाला हेतवी शिंकली. विधीनं तिला उचललं आणि शिंकतच बाहेर पळाली. शेजारणीचा टाका सुटला. मनन झोपेतून उठून बसला, त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "मम्मी... आग... कुठं लागली?" शेजारीण पदरात तोंड खुपसून म्हणाली, "राजकुंवरबाई, मी मरते हो!" सगळं घर ढसाढसा रडत होतं. कोरडे डोळे फक्त राजकुंवरबाईंचे होते. इतक्या माणसांत त्यांना एक थेंब काढता आला नाही.

मिरची हद्दपार झाली. मग त्यांनी बाथरूम बघितलं. नळ सोडला, बादलीत पाणी वाजू लागलं, आवाज बरा होता. पण दोंडाईचात पाणी सहा दिवसांनी येतं. विधीनं दोन मिनिटांत दार वाजवलं, "मम्मीजी, नळ चालू राहिलाय! टाकी संपेल!" मग त्या स्थानकात जाऊन बसल्या. तिथं दुपारी कुणी नसतं. पण सामायिक घेऊन बसलं की अठ्ठेचाळीस मिनिटं मन स्थिर ठेवायचं असतं, आणि जिथं नियम घेतला त्याच खांबाशी बसून तो मोडायची हिंमत त्यांना झाली नाही.

सासूबाई दुपारच्या गार खोली सोडून उन्हात हिंडतात, हे विधीच्या लक्षात आलं. "यांना एसी सोसत नाही बहुतेक," तिनं मननला सांगितलं. मननच्या ते मनाला लागलं. त्यानं एसी सव्वीसवर नेला, मग अठ्ठावीसवर, मग आईच्या अंगावर दुकानातली नवी शाल घातली. राजकुंवरबाई शाल पांघरून, सगळ्यांच्या मध्ये, न रडता बसून राहिल्या. वरच्या ओठावर घाम साचला होता.

शेवटी त्या छत्री घेऊन जब्बारच्या पत्र्याच्या दुकानात गेल्या.

"जब्बारभाई, तो कूलर आहे का हो? परत न्यायचा होता."

जब्बारनं हातातली कात्री खाली ठेवली. "भाभीजी, आधी सांगायचं ना! त्याची धान्याची कोठी झाली एक, आणि दोन सुपड्या. सुपडी देऊ का एक?"

"नको."

"चांगली आहे. पत्रा जुना आहे, मजबूत."

"मजबूत होता," राजकुंवरबाई म्हणाल्या आणि छत्री उघडून निघाल्या.

दुपारचे दोन वाजत आले होते. रस्त्यावर कुत्रं नव्हतं. दुकानामागच्या बोळात त्यांचं ब्लँकेटचं गोदाम होतं. पत्र्याचं छत, एक खिडकी तीही बंद, आत छतापर्यंत लोकरीचे गठ्ठे. दिवाळीआधी तिकडं कुणी फिरकत नाही. मे महिन्यात, शेहेचाळीस डिग्रीत, रजयांच्या गोदामात शहाणा माणूस पाय ठेवणार नाही. राजकुंवरबाईंना एकदम हलकं वाटलं. इतके दिवस हे सुचलं कसं नाही! कमरेच्या किल्ल्या काढत त्या बोळात शिरल्या.

कुलूप उघडंच होतं. विसरला असेल झुलाल, वय झालंय, असं म्हणत त्यांनी दार ढकललं. आत भट्टी होती. दोन गठ्ठ्यांमधल्या फटीत, शर्टाची बटणं सोडून, मनन बसला होता. त्याचं तोंड पार ओलं झालं होतं.

त्यानं घाईनं शर्टाची दोन बटणं लावली.

"काय करतोयस?"

"कसर... लोकरीला कसर लागलीय का बघतोय."

"लागलीय?"

"बघतोय."

"डोळे लाल झालेत तुझे."

"घाम गेला, मम्मी. शेहेचाळीस आहे बाहेर." मग त्यानं विचारलं, "तू काय करतेयस इथं?"

राजकुंवरबाईंनी गठ्ठ्यांकडं बघितलं. "ब्लँकेट हवं होतं एक," त्या म्हणाल्या.

हे ऐकून मननचा चेहरा आधी हसायला गेला आणि मध्येच कुठंतरी वाट चुकला. त्यानं मनगटानं नाक पुसलं. चौतीस वर्षांचा बाप्या, सातवीत नापास झाला होता तेव्हा पुसलं होतं तसंच.

"रोज येतोस?"

"रोज नाही. बाजाराच्या दिवशी गिऱ्हाईक असतं, आणि घरी एसीत पडलो की त्या दिवशी जमत नाही."

"आणि घरी?"

"घरी कसा रडणार? तू एवढी घट्ट. सगळे म्हणतात, आईकडं बघ, आईकडून शिक. मी रडलो तर तुझा नियम मोडला असता ना, मम्मी. गावात तुझं नाव आहे."

राजकुंवरबाई दाराला धरून उभ्या होत्या. पाच महिने आपण दार लावून रडलो आणि आपल्या पोराला या भट्टीत पाठवलं, हे त्यांना तिथं उभ्या उभ्या कळलं. त्या आत आल्या, एक गठ्ठा ओढला आणि त्याच्या शेजारी बसल्या. लोकर अंगाला टोचत होती. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ चिंब होती, आणि मधोमध, हेतवीसारखीच, घामोळ्यांनी भरली होती.

एवढ्यात दार पुन्हा करकरलं. उन्हाच्या पट्ट्यात झुलाल उभा होता, हातात घडी केलेला पंचा. मालक आणि मालकीण गठ्ठ्यांवर बसलेले बघून तो दारातच थबकला.

"मी... उंदरं देखाले उनू, अक्का."

"दिसले का कधी?"

झुलालनं मान हलवली. "चार-पाच महिना व्हयनात देखी राह्यनू. एकबी दिसना नही."

राजकुंवरबाई सरकल्या. त्यांनी शेजारच्या गठ्ठ्यावरची धूळ पदरानं झटकली. झुलाल मालकिणीसमोर कधी बसला नव्हता. आता बसला, अगदी कडेला, पंचा गुडघ्यावर ठेवून. पत्रा वरून तडतडत होता. सुरुवात कुणी करेना. तिघांनाही एकट्यानं रडायची सवय झाली होती.

"मम्मी," मनन हळूच म्हणाला, "नियमाचं काय? महासतीजींना सांगावं लागेल. प्रायश्चित्त देतील."

"देऊ देत. घेऊ." राजकुंवरबाईंचा आवाज भरून आला आणि या वेळी त्यांनी तो गिळला नाही. "पण आज नको जायला. आधी पुरतं रडून होऊ दे, बाळा. नाहीतर दोनदा घ्यावं लागेल."