एरंडाच्या तीन बिया

शिरूर तालुक्यात गुन्हा करायचा असेल, तर आधी निमोण्याच्या प्रभुदासांची नजर चुकवावी लागते, असं मत होतं. मत प्रभुदासांचंच होतं. मिशन दवाखान्यात एकतीस वर्षं कंपौंडरी करून घरी बसल्यावर त्यांनी दारावर ‘गुप्त पोलीस’ अशी पाटी लावली. रस्त्यावरून वाचता यावी म्हणून अक्षरं वीतभर उंचीची.

त्यांची बायको कृपाबाई. पहिलीच्या पोरांना शिकवण्यात तिचा जन्म गेला होता, त्यामुळे कुठल्याही उत्तराने ती दचकत नसे. पोराला आपली चूक आपणच सापडली तर जन्मभर लक्षात राहते, हे तिला ठाऊक होतं. नवऱ्यालाही ती हाच नियम लावी.

त्या वर्षी गावातल्या झुंबरबाईने आपल्या मेंढवाड्यात वरवंडहून पाच मेंढ्या आणल्या. महिन्याभरात त्या पाचही मेंढ्या हाडं मोजावीत अशा झाल्या. त्याच मेंढवाड्यातल्या जुन्या तीस मेंढ्या मात्र ठणठणीत!

“माहेरची ओढ,” प्रभुदास पहिल्या दिवशी म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांना रक्तचोरांच्या टोळीचा संशय आला. तिसऱ्या दिवशी मेंढवाड्याच्या दगडी भिंतीशी त्यांना तीन टपोऱ्या, करड्या, चकचकीत बिया सापडल्या.

“एरंड! जहाल विष!”

मेंढरं राखणाऱ्या म्हस्कूच्या परसात एरंडाचं झाड होतं. झालं! बिया काड्याच्या पेटीत गेल्या, पेटीवर लाखेचा शिक्का बसला. कोंबड्या पावलांचे ठसे उकरतात म्हणून त्यांना मेंढवाड्यातून हद्दपार करण्यात आलं.

“मावशे, बारा वर्सं राखली मी मेंढरं,” म्हस्कू म्हणाला. “त्यास्नी इख घालीन व्हय?”

“आठ दिस देते,” झुंबरबाई म्हणाली. “न्हाई उलगडलं, तर काठी ठेवायची आन् वाट धरायची.”

आठ दिवसांत मेंढ्या आणखी खालावल्या. नवव्या सकाळी मेंढवाड्यापुढे सगळे जमले. म्हस्कूने काठी भिंतीला टेकवून ठेवली होती. तिच्याकडे तो बघत नव्हता. प्रभुदासांनी शिक्का फोडला, पेटी हातावर धरली आणि लोकांकडे तोंड करून भाषण सुरू केलं. तेवढ्यात एक बी चालू लागली. ते कृपाबाईने पाहिलं आणि एका कोंबडीने. कोंबडी जास्त चपळ निघाली.

“अरेरे!” प्रभुदास ओरडले. “पुरावा गिळला! तासाभरात ही मरणार. बघत राहा!”

सगळे बघत राहिले. कृपाबाईही बघत राहिली. कोंबडी कोपऱ्यातल्या कडब्यात शिरली, बराच वेळ हलेना. प्रभुदासांनी टोपी काढली. मग कोंबडी मोठ्याने ओरडत उठली आणि खाली पांढरंस्वच्छ अंडं दिसलं.

“अहो, पेटीत बघा बरं,” कृपाबाई म्हणाली.

उरलेल्या दोन बियांपैकी एक पाय हलवत होती. दुसरीभोवती मोहरीहून बारीक, तपकिरी दाण्यांचा ढीग होता.

“गोचिडी हायत ह्या!” झुंबरबाई म्हणाली.

“रक्त पिऊन टम्म फुगल्या, गळून पडल्या, आता अंडी घालतायत,” कृपाबाई म्हणाली. “पिलं निघतील ती सहा पायांची. रक्त पिऊन कात टाकली की आठ पायांची. सगळी वस्ती त्या भिंतीच्या फटीत. त्यांना वेचून खाणाऱ्या कोंबड्या तुम्ही हाकलल्यात.”

“पण मग जुन्या मेंढ्यांना का सोडलं?” प्रभुदासांनी शेवटचा खडा टाकला.

कृपाबाईने एका जुन्या मेंढीची लोकर फाकवली. कातडीवर बारीक खपल्या, आणि त्यांत वाळून गेलेल्या, तिळाएवढ्या गोचिडी.

“देवी टोचल्यावर दंड का सुजायचा हो?”

“शरीर रोग ओळखायला शिकतं म्हणून,” प्रभुदासांनी जुन्या सवयीने सांगितलं.

“मग?”

प्रभुदासांनी निष्कर्ष काढण्याआधी वाकून त्या खपल्या नीट पाहिल्या. निमोण्यात हे प्रथमच घडलं.

“या लहानपणापासून चावून घेत आल्या,” कृपाबाईने सांगितलं. “गोचीड डसली की यांची कातडी सुजते, गोचिडीला पोटभर रक्त मिळत नाही. वरवंडच्या बिचाऱ्यांना गोचीड कधी भेटलीच नसावी.”

झुंबरबाईने भिंतीला टेकवलेली काठी उचलून म्हस्कूच्या हातात दिली. “फटी चुन्यानं बुजव,” ती दुसरीकडे बघत म्हणाली, “आन् आधी जेवून घे.”

म्हस्कूने कडब्यातलं कोमट अंडं उचललं आणि अदबीने प्रभुदासांच्या तळहातावर ठेवलं.

“सायेब, ह्यो पुरावा ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. ह्यो चालत न्हाई.”